हिरड्यांचा रोग आणि दातांचे इम्प्लांट : रुग्ण, नातेवाईक व देणगीदार यांच्यासाठी

दरवर्षीच्या प्रथेप्रमाणे अहवालाच्या या भागात आम्ही एखाद्या आजाराविषयी वा उपचाराविषयी माहिती देत असतो. यंदा दंतविभागाचा विषय निवडण्यास कारण घडले. हिरड्यांच्या रोगाने, म्हणजे ज्याला आपल्याकडे पायोरिया म्हणतात त्या विकाराने, दात गमावलेल्या रुग्णांचे नातेवाईक कार्यालयात येऊन एकच तक्रार मांडतात. ‘खर्चाची व्यवस्था झाली आहे, देणगीदारही मिळाले आहेत, मग डॉक्टर इम्प्लांट बसविण्यास चार-सहा महिने का लावतात? नुसती सफाई किती वेळा करायची?’ या तक्रारीमागील तळमळ आम्ही जाणतो. ज्याला भाकरी दुधात कुस्करून खावी लागते आणि चारचौघांत तोंडावर रुमाल धरून बोलावे लागते, त्याला ‘अजून थांबा’ म्हणणे कोणालाही कठोर वाटेल. परंतु या थांबण्यातच पुढील पंधरा-वीस वर्षांचे बरेवाईट ठरत असते. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्यामुळे येथील वैद्यकीय भाग दंतविभागाच्या डॉक्टरांकडून समजावून घेऊन लिहिला आहे. हिशेबाचा भाग मात्र आमचा आहे.

दात का हलतात?

दात किडला की ठणकतो आणि माणूस दवाखाना गाठतो. हिरडीचा रोग बहुधा दुखत नाही, आणि त्यामुळेच तो वर्षानुवर्षे अंगवळणी पडतो. दात घासताना रक्त येणे, तोंडाला दुर्गंधी येणे, दातांमध्ये फटी पडून ते लांब दिसू लागणे ही त्याची लक्षणे होत. पुष्कळ लोक यास वयाचा परिणाम समजतात, पण तसे नाही.

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. त्याचे एक टोक मुळात आणि दुसरे हाडात रुतलेले असते, आणि या झोळीत दात टांगलेला असतो. दातावर साचणारा जंतूंचा चिकट थर वेळेवर निघाला नाही तर त्याचे दगडासारखे कीटण बनते, हिरडी सुजते आणि दातापासून सुटू लागते. निरोगी हिरडी व दात यांच्यामधील खोली १ ते ३ मिलिमीटर असते. रोग वाढला की ती ५, ७, क्वचित १० मिलिमीटरपर्यंत जाते. या खोल कप्प्यात ब्रश पोहोचत नाही, जंतू मात्र पोहोचतात, आणि शरीराचा दाह आपलेच हाड झिजवू लागतो. गेलेले हाड सहसा पूर्ववत भरून येत नाही.

हिरडीची सूज किती लवकर येते आणि किती लवकर जाते, हे हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील आर्हुस येथे केलेल्या प्रयोगातून दिसून आले. तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दात स्वच्छ करणे पूर्ण थांबविले, तेव्हा १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू करताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रोगाची पहिली पायरी संपूर्णपणे परत फिरण्याजोगी असते. हाड झिजल्यानंतरची पायरी मात्र फक्त थांबविता येते.

इम्प्लांट म्हणजे काय?

इम्प्लांट हा टायटेनियम धातूचा, बहुधा साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचा व सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा स्क्रू. तो जबड्याच्या हाडात बसवितात आणि हाड त्यावर घट्ट धरले की त्यावर दात चढवितात. टायटेनियम व हाड यांची अशी गाठ पडते हे स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या ध्यानात आले ते १९५२ साली, आणि तेही दातांचा विचार मनात नसताना. सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी बसविलेली टायटेनियमची नळकांडी प्रयोग संपल्यावर हाडातून निघेनात. पुढे १९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसविले. २००६ साली लार्सन यांचे निधन झाले तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते त्यांच्या उपयोगी पडत होते.

हे उदाहरण जाहिरातींतून ‘आयुष्यभर टिकणारे दात’ या शब्दांत पुढे येते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : लार्सन यांच्या जबड्यात जन्मजात दोष होता. ज्याचे दात हिरड्यांच्या रोगाने गेले, त्याचे तोंड वेगळे असते.

इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरे. पण दाताला जी तंतूंची झोळी असते ती इम्प्लांटला नसते. हाड थेट धातूला चिकटते आणि हिरडीतील तंतू धातूत रुतण्याऐवजी त्याच्या कडेने जातात. त्यामुळे तेथील हिरडीची पकड दाताच्या मानाने कमकुवत असते आणि रक्तपुरवठाही कमी असतो. जंतूंचा थर धातूवरही साचतो. प्रथम केवळ हिरडी सुजते. त्याच वेळी उपाय केला तर ती बरी होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, लो यांच्या पद्धतीच्या एका प्रयोगात मात्र इम्प्लांटभोवतीची हिरडी तीन आठवड्यांच्या सफाईनंतरही पूर्णपणे पूर्ववत झाली नव्हती. दुर्लक्ष झाले तर दाह हाडापर्यंत पोहोचतो. यास पेरिइम्प्लांटायटिस म्हणतात. हा विकार पायोरियाचाच भाऊ, परंतु अधिक वेगाने पसरणारा आणि उपचारांना अधिक दाद न देणारा. स्क्रूचे आटे एकदा उघडे पडले की ते स्वच्छ करणे जिकिरीचे होते.

ज्या जंतूंनी, ज्या सवयींनी आणि शरीराच्या ज्या ठेवणीने मूळचे दात पाडले, ती सर्व मंडळी इम्प्लांट बसविल्यावरही तेथेच असतात. सारे दात काढून टाकले तरी जंतू जिभेवर व लाळेत उरतात. काही दात शिल्लक असतील आणि त्यांच्याभोवतीचे खोल कप्पे तसेच ठेवले असतील, तर ते शेजारच्या नव्या इम्प्लांटला जंतूंचा पुरवठा करीत राहतात.

आकडे काय सांगतात?

याचा अर्थ पायोरिया झालेल्यांनी इम्प्लांट बसवूच नये असा कोणी काढील, तर तोही चुकेल. इटलीतील तुरिन येथे रुग्णांचे तीन गट दहा वर्षे पाहण्यात आले आणि निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. हिरड्या निरोगी असलेल्यांमध्ये ९६.६ टक्के, मध्यम रोग झालेल्यांमध्ये ९२.८ टक्के आणि तीव्र रोग झालेल्यांमध्ये ९० टक्के इम्प्लांट दहा वर्षांनी जागेवर होते. बसविण्यापूर्वी या सर्वांच्या हिरड्यांवर उपचार झाले होते, हे येथे महत्त्वाचे. शिवाय, नंतरच्या नियमित तपासणीस जे आले नाहीत, त्यांचे नुकसान अधिक झाले.

दहांपैकी नऊ टिकले, मग चिंता कसली, असे वाटेल. परंतु ‘जागेवर असणे’ आणि ‘निरोगी असणे’ यांत अंतर आहे. बँकेने एखादे कर्ज बुडीत खाती टाकले नाही, एवढ्याने ते वसूल होणारे ठरत नाही, तसेच हे. २०१६ साली स्वीडनमधून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, इम्प्लांट बसवून सुमारे नऊ वर्षे झालेल्या रुग्णांपैकी १४.५ टक्क्यांना मध्यम वा तीव्र स्वरूपाचा पेरिइम्प्लांटायटिस आढळला. सौम्य झीजही धरली तर हे प्रमाण ४५ टक्क्यांवर जाते. ज्यांना हिरड्यांचा रोग होता त्यांना धोका कितीतरी अधिक होता. ज्या देशात दंतसेवा घरोघर पोहोचली आहे तेथील ही स्थिती. आपल्याकडे दात दुखल्याखेरीज डॉक्टरांकडे न जाण्याची रीत आहे, तेव्हा आपण अधिकच सावध असावे.

थांबण्याच्या काळात काय होते?

प्रथम प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी, खुणा केलेल्या बारीक सळईने खोली मोजली जाते. त्यानंतर हिरडीखालच्या मुळांची खोलवर सफाई होते. ती एका बैठकीत आटोपत नाही. जे दात मुळीच वाचण्याजोगे नाहीत ते काढले जातात. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी होते. तोवर रक्त येणे थांबले असेल आणि कप्पे उथळ झाले असतील तर पुढे जाता येते. एरवी उरलेल्या खोल कप्प्यांसाठी हिरडीची छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. ज्या सफाईविषयी नातेवाईक कंटाळून बोलतात, ती इम्प्लांटची पूर्वतयारी नसून तोच मुख्य उपचार होय. इम्प्लांट हा त्यापुढचा भाग.

याच काळात दोन गोष्टींची चौकशी होते. एक मधुमेह. रक्तातील साखर आवाक्यात नसेल तर हिरड्यांचा रोग बळावतो, जखम उशिरा भरते, आणि उलटपक्षी हिरड्यांचा दाह साखरही वाढवितो. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी ही तपासणी ७ टक्क्यांच्या वर असेल तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार हिरड्यांचा रोग वेगाने वाढण्याच्या गटात मोडतो. अशा रुग्णास आमचे डॉक्टर आधी फिजिशियनकडे पाठवितात. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषधे घेत असल्यास तेही न विसरता सांगावे. त्यांतील काहींमुळे जबड्याचे हाड भरून येण्यास अडचण होते.

दुसरी गोष्ट तंबाखू. या बाबतीत आमच्या केसपेपर विभागाचा अनुभव नमूद करण्याजोगा आहे. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नास आमच्या भागातील पुष्कळ आयाबहिणी निःशंकपणे ‘नाही’ म्हणतात. ‘आणि मशेरी?’ असे विचारले की उत्तर येते, ‘ती होय? ती दात घासायला लागते.’ त्यांच्या दृष्टीने हे खोटे बोलणे नसते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. परंतु घरात ती राखुंडीच्या डब्याशेजारी असते, त्यामुळे तिची गणना व्यसनांत होत नाही. कित्येकींनी ती दाढदुखीवर उपाय म्हणून धरलेली असते. म्हणून केसपेपरवर आता दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. धूम्रपानाबाबत आणखी एक फसवणूक संभवते. तंबाखूने हिरडीतील रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते, आणि हिरडी बरी आहे असा समज होतो. आत हाड झिजतच असते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण थांबण्यालाही किंमत आहे. दात काढल्यावर त्या जागेचे हाड आकसू लागते. वर्षभरात तेथील रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते, आणि त्यातील बहुतांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. तेव्हा ‘सावकाश या’ हे उत्तर सर्वांना सारखे लागू पडत नाही. काही रुग्णांमध्ये दात काढतानाच ती खाच हाडाच्या भुकटीने भरून जागा राखली जाते. कोणास किती थांबवायचे हा निर्णय डॉक्टरांचा. देणगीच्या धनादेशाची तारीख वा घरातील लग्नाची तारीख पाहून तो करता येत नाही, एवढेच आम्ही कार्यालयातून सांगू शकतो.

हलणारा प्रत्येक दात काढून त्या जागी इम्प्लांट बसवावा, हा सल्लाही अलीकडे सर्रास कानी येतो. आमच्या डॉक्टरांचे मत याविरुद्ध आहे. स्वीडनमधील कार्लस्टाड येथे १९७२ सालापासून पेर अॅक्सेलसन व यान लिंडे यांनी रुग्णांना घरच्या सफाईचे शिक्षण आणि नियमित व्यावसायिक सफाई अशी सेवा ३० वर्षे दिली. या काळात त्यांच्या रुग्णांनी सरासरी दोनहूनही कमी दात गमावले. जो दात देखभालीने आणखी दहा वर्षे चालेल, तो आपला स्वतःचा आहे, आणि त्याची झोळी कोणत्याही कारखान्यात बनत नाही.

सर्वच दात गेलेल्या वृद्धांसाठी प्रत्येक दातामागे एक इम्प्लांट लागतो, हा समजही दूर व्हावा. २००२ साली कॅनडातील माँट्रियल येथे तज्ज्ञांच्या बैठकीत असे मत मांडले गेले की, खालच्या जबड्यात दात नसलेल्यांसाठी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी ही पहिली निवड असावी. खालची साधी कवळी जिभेबरोबर हलते ही तक्रार घराघरांत आहे. दोन इम्प्लांटने ती बव्हंशी मिटते. ही कवळी रोज रात्री काढून धुता येते आणि इम्प्लांटभोवती ब्रश फिरविणे सोपे जाते. थरथरत्या हातांच्या माणसासाठी हा लहान फायदा नव्हे. आणि ज्यांना इम्प्लांट मुळीच शक्य नाही, त्यांना चांगली बसणारी साधी कवळी देण्यात आम्ही कमीपणा मानीत नाही.

देणगीदारांशी थोडे हिशेबाचे

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखतात आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. त्या निधीवर पहिला हक्क जीव वाचविणाऱ्या उपचारांचा असतो, हे कोणीही मान्य करील. त्यामुळे गरीब रुग्णांचे इम्प्लांट प्रामुख्याने आपल्यासारख्यांच्या देणग्यांवर अवलंबून राहतात.

देणग्या येतात, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु त्या बहुधा ‘इम्प्लांटसाठी’ अशा उल्लेखाने येतात. आईच्या स्मृतिप्रीत्यर्थ एखाद्या वृद्धेला दात द्यावेत, ही भावना सुंदर आहे. तिच्या हिरड्यांच्या पुढील पाच वर्षांच्या सफाईसाठी मात्र कोणी स्मृतिप्रीत्यर्थ देणगी दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर भांडवली खर्चास दाते मिळतात, देखभालीच्या खर्चास मिळत नाहीत. इमारत बांधून रंगरंगोटीची तरतूद न ठेवणाऱ्या संस्था आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. एका इम्प्लांटच्या खर्चात एका रुग्णाच्या हिरड्यांचे उपचार आणि पुढील कित्येक वर्षांची तपासणी भागू शकते. म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही असा प्रस्ताव ठेवीत आहोत की, इम्प्लांटसाठी आलेल्या देणगीतील काही भाग देणगीदाराच्या लेखी संमतीने त्याच रुग्णाच्या देखभालीसाठी स्वतंत्र खाती राखून ठेवावा. ज्यांना आपली पूर्ण रक्कम इम्प्लांटवरच खर्ची पडावी असे वाटते, त्यांच्या इच्छेचा मान अर्थातच राखला जाईल.

इम्प्लांट बसल्यावर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणीस येणे आवश्यक असते. हिरड्यांचा रोग झालेल्यांनी तीन महिन्यांकडेच झुकावे. त्या वेळी खोली मोजतात, रक्त येते का पाहतात, गरजेनुसार एक्स-रे काढून पहिल्या एक्स-रेशी ताडून पाहतात. घरी साध्या ब्रशखेरीज दातांच्या फटीत फिरविण्याचा बारीक ब्रश वापरावा लागतो. तो कसा फिरवायचा हे रुग्णाइतकेच सुनेने वा मुलाने शिकून घ्यावे, कारण दृष्टी अधू झालेल्या माणसाला ते एकट्याने साधत नाही. इम्प्लांटभोवती दुखत नाही म्हणून सारे ठीक आहे असे मानू नये. रक्त, पू वा सूज दिसताच पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे.

शेवटी एका कागदाविषयी. इम्प्लांट बसविल्यावर रुग्णास कार्ड दिले जाते. त्यावर कंपनीचे नाव, इम्प्लांटचे माप, बॅच क्रमांक आणि दिनांक असतो. एका कंपनीचे सुटे भाग दुसरीच्या इम्प्लांटला बसत नाहीत. अन्यत्र इम्प्लांट बसविलेले काही रुग्ण आतील स्क्रू सैल झाल्यावर आमच्याकडे येतात. त्यांच्याजवळ कोणताही कागद नसतो आणि एक्स-रेवरून कंपनी ओळखण्यातच दिवस जातात. आमच्याकडील कार्डाची नोंद दंतविभागाच्या रजिस्टरमध्येही ठेवली जाते. तरीही मूळ कार्ड घरात रेशनकार्डाबरोबर ठेवावे, त्याची एक झेरॉक्स परगावी राहणाऱ्या मुलाकडे द्यावी आणि प्रत्येक तपासणीस ते सोबत आणावे. पत्ता वा फोन क्रमांक बदलल्यास केसपेपर विभागास कळवावे. तपासणीची तारीख चुकली की आमचे कर्मचारी त्याच क्रमांकावर फोन करतात.